उंच मुलगा, सफाईदार मुलगा: हॉकीचा संघ निवडताना

जून सरता सरता शाळाशाळांत हॉकीच्या निवड चाचण्या लागतात. पन्नास-साठ मुलं रांगेत उभी असतात आणि चेंडू मैदानात यायच्या आतच निम्मा संघ नजरेनं ठरून गेलेला असतो. मिसरूड फुटलेल्या, खांदे भरलेल्या आठवीतल्या मुलाला आधी पुढे बोलावलं जातं. त्याची हिट गोलच्या फळीवर आपटते, आवाज मैदानभर घुमतो, कडेला उभे असलेले पालक माना डोलावतात. शेजारचा हाडकुळा मुलगा दोघांच्या मधून चेंडू अलगद काढून नेतो, पण त्याचा आवाज होत नाही, त्यामुळे तो लक्षातही राहत नाही. पहिला मुलगा अंतिम यादीत येतो. दुसऱ्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ असं सांगितलं जातं, आणि पुढच्या वर्षी तो बहुधा क्रिकेटच्या नेटमध्ये दिसतो.

चौदा आणि सतरा वर्षांखालचे संघ बांधणारे क्रीडाशिक्षक आणि क्लबचे प्रशिक्षक यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. चौदाखालील संघाची निवड स्टिकवर्क आणि खेळाची समज यांवर व्हावी. कोणाला कुठे खेळवायचं हे ठरवताना फार तर उंचीचा विचार करावा. सतराखालील संघात चार-पाच जागा अशा असतात, जिथे लांब हात आणि दणकट मांड्या खरोखर उपयोगी पडतात. त्या जागा डोळसपणे भराव्यात. बाकीच्या जागांसाठी उंचीला एकही गुण देऊ नये.

याचं पहिलं कारण नियमांतच आहे. हॉकीत प्रतिस्पर्ध्याला धक्का देता येत नाही, त्याची स्टिक दाबून धरता येत नाही, आणि त्याच्या व चेंडूच्या मध्ये अंग घालून त्याला रोखलं की ऑब्स्ट्रक्शनची शिट्टी वाजते. फुटबॉलमध्ये खांद्याला खांदा भिडवून चेंडू जिंकता येतो, आइस हॉकीत तर अंगावर जाणं हा खेळाचाच भाग आहे. आपल्या हॉकीत तेच केलं तर हिरव्या कार्डाला दोन मिनिटं आणि पिवळ्याला किमान पाच मिनिटं संघ दहा जणांवर येतो. म्हणजे वजनदार मुलाला आपलं वजन थेट वापरायला इथे जागाच कमी. त्याचा फायदा आडवळणानं मिळतो: हिटच्या जोरात, टॅकलच्या क्षणी स्टिक ढळू न देण्यात, आणि पोहोचेत.

गेल्या तीस वर्षांत नियम बदलले तेही बहुतेक चपळ खेळाडूच्या बाजूनं. १९९०च्या दशकात ऑफसाइड गेला आणि फॉरवर्डला बचावफळीच्या मागे मोकळं फिरता येऊ लागलं. २००९मध्ये सेल्फ पास आला, तेव्हापासून फ्री हिट मिळताच चेंडू स्वतःच पुढे नेता येतो. जो लवकर खाली वाकतो आणि लवकर वळतो, त्याला हे सोन्यासारखं मिळालं. उंच खेळाडूच्या बाजूनं झालेला मोठा बदल म्हणजे खांद्याच्या वरचा चेंडू स्टिकने खेळण्याची मुभा. लांबून उचललेला एरियल आता बचावाचं आणि आक्रमणाचं नेहमीचं हत्यार झालं आहे, आणि तो खाली उतरवून घेण्यात लांब हातांचा फायदा होतोच.

‘आपण लहान चणीचे, युरोपियन धिप्पाड, म्हणून आपण हरतो’ हे वाक्य १९७६नंतर आपल्याकडे फार ऐकलं गेलं. मॉन्ट्रियलच्या त्या ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगात येतो, सतत पळावं लागतं. आपण कमी पडलो ते दमात, वेगात आणि टर्फच्या सरावात. उंचीत कमी पडलो म्हणून हरलो असं मला पटत नाही. दक्षिण कोरियाचा पुरुष संघ २०००च्या सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि नेदरलँड्ससारख्या उंचापुऱ्या संघाशी ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टी स्ट्रोकवर हरला. २०१८च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांचं आणि महिलांचं अशी दोन्ही सुवर्णपदकं जपाननं नेली. ऑस्ट्रेलियाचा जेमी ड्वायर पाच वेळा जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तो काही धिप्पाड म्हणून नव्हे. आणि खडकीच्या धनराज पिल्लेंबद्दल महाराष्ट्रात वेगळं काय सांगायचं? सडपातळ अंगाचा हा फॉरवर्ड चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला. धनराज चेंडू घेऊन सुटले की समोरच्या बचावपटूची उंची हिशेबातच राहायची नाही.

तरीही आपल्या जिल्ह्याच्या मैदानांवर मोठ्या अंगाचे संघ जिंकतात, हे खरं आहे. त्याचं कारण मैदानात आहे. मुरमाच्या मैदानावर चेंडू उडतो, खड्ड्यात वळतो, पास हवा तिथे जाईल याची खात्री नसते. अशा ठिकाणी मागून जोरात हिट मारायची आणि पुढे दोन दांडग्या मुलांना पळवायचं, हा खेळ जमून जातो. तोच संघ विभागीय किंवा राज्य स्पर्धेसाठी बालेवाडीच्या किंवा पिंपरीच्या नेहरूनगरच्या टर्फवर उतरतो, तेव्हा ती हिट समोरचा मुलगा शांतपणे थांबवतो, दोन पासमध्ये चेंडू बाहेर काढतो, आणि आपली दांडगी मुलं तिसऱ्या क्वार्टरला कमरेवर हात ठेवून उभी दिसतात. तेव्हा फक्त जिल्हा जिंकायचा आहे की पुढेही खेळायचं आहे, हे निवडीच्या आधी स्वतःशी ठरवा. मुलांच्या बाजूनं विचार केला तर याचं उत्तर एकच निघतं.

वाढीचं गणित

तेरा वर्षांची दोन मुलं शेजारी उभी करा. दाखल्यावर वय सारखं असलं तरी शरीराच्या वाढीत तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती मुलींची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास, पण त्यात पुढेमागे खूप होतं. ज्याची वाढ लवकर झाली तो आज मोठा दिसतो. बाकीची मुलं त्याला सोळाव्या-सतराव्या वर्षी गाठतात, काही मागेही टाकतात. त्यातच वयोगटाच्या कटऑफ तारखेनंतर लगेच जन्मलेल्या मुलांना जवळजवळ वर्षभराचा फायदा असतो. चौदाखालील संघाची यादी जन्मतारखांनुसार लावून पाहा. पहिल्या तीन-चार महिन्यांतली नावं फार दिसली तर आपण कौशल्याऐवजी वय निवडतो आहोत अशी शंका घ्यायलाच हवी.

लवकर वाढलेल्या मुलाचं नुकसान वेगळंच असतं. हिट मारून आणि पळून त्याला यश मिळत जातं, त्यामुळे ट्रॅपिंग, रिव्हर्स स्टिक, डोकं वर ठेवून ड्रिबल करणं हे शिकायची गरज त्याला कधी भासतच नाही. सतराव्या वर्षी सगळे त्याच्याएवढे झाले की त्याच्याजवळ काही उरत नाही. आणि जो मुलगा आत्ता झपाट्यानं वाढतो आहे, त्याचे हातपाय धडाच्या आधी लांब होतात आणि चांगला खेळणारा मुलगाही सहा-आठ महिने अडखळायला लागतो. चेंडू स्टिकखालून निसटतो, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. या काळात त्याला ‘बिघडला’ म्हणून काढू नका. धावण्या-उड्यांचा भार थोडा कमी करा, चेंडूबरोबरचं साधं काम वाढवा, दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडे पाठवा.

यासाठी एक वही पुरते. दर तीन महिन्यांनी भिंतीवरच्या खुणेला उभं करून उंची घ्या, वजन घ्या, तारीख घाला. वर्षभरात कोण वाढतो आहे, कोणाची वाढ थांबली, कोणाची अजून सुरूच व्हायची आहे हे त्यातून दिसतं. आईवडिलांची उंचीही विचारून ठेवा. गोलरक्षक किंवा ड्रॅग फ्लिकर म्हणून कोणावर पुढची चार वर्षं मेहनत घ्यायची, याचा अंदाज बांधायला ती माहिती कामी येते.

चाचणी अशी घ्या

आधी हिट मारायला लावू नका. हिटनं सगळ्यांचे डोळे दिपतात. पहिला अर्धा तास फक्त चेंडू घेण्याचा ठेवा. पंधरा मीटरवरून जोरात पुश करा: एकदा उजव्या पायाकडे, एकदा डाव्या बाजूला रिव्हर्सवर, एकदा धावत असताना पुढ्यात. चेंडू थांबला का, एवढंच पाहू नका. तो कुठे थांबला ते पाहा. चांगल्या मुलाचा चेंडू पहिल्याच स्पर्शात अशा जागी येतो की पुढचा पास किंवा वळण लगेच जमतं. कच्च्या मुलाला चेंडू अडवल्यावर तो नीट लावून घ्यायला आणखी दोन स्पर्श लागतात. टर्फवर तेवढ्या वेळात टॅकल येते. चेंडू यायच्या आधी मुलानं मान वळवून आजूबाजूला पाहिलं का, याचीही नोंद करा. मोठ्या मैदानावर कोण टिकेल याचं त्याहून चांगलं लक्षण मला माहीत नाही.

मग साधारण पाच मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब पट्टा आखून एकास एक खेळवा. प्रत्येकानं हल्लाही करायचा आणि बचावही. इथे उंचीचा खरा उपयोग आणि खरी अडचण दोन्ही दिसतात. लांब हाताचा मुलगा जमिनीवर स्टिक आडवी टाकून जवळजवळ अर्धा पट्टा झाकतो, पण त्याची कंबर वर असेल तर एका झुकांडीत तो मागे पडतो. लहान मुलगा पाय हलवत, बाजू देत, प्रतिस्पर्ध्याला रेषेकडे ढकलत नेतो. कोण स्टिक फेकतो आणि कोण थांबतो, तेही टिपा. घाईनं टॅकल टाकणारा मुलगा सामन्यात कार्ड आणतो.

शेवटी चार विरुद्ध चारचे छोटे सामने ठेवा आणि त्यातली एक फेरी मुद्दाम अंगापिंडानुसार लावा: मोठी मुलं मोठ्यांशी, लहान लहानांशी. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादम्यांनी वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून खेळवण्याचे प्रयोग केले आहेत, त्यातलाच हा सोपा भाग. मोठ्यांच्या गटात ताकदीचा फायदा संपला की कोणाजवळ खेळ आहे ते कळतं. लहानांच्या गटात एरवी गप्प असलेला मुलगा अचानक हाका मारायला, जागा दाखवायला लागतो. या फेरीनंतर नावं बदलावीशी वाटली तर बेलाशक बदला.

गुण देताना अंगावर क्रमांकाचे बिब घाला आणि शक्य असेल तर दुसऱ्या शाळेच्या सरांना किंवा मॅडमना कडेला बसवून वेगळे गुण द्यायला सांगा. मुलाचं नाव, त्याचा भाऊ कोण, वडील कोण हे त्यांना माहीत नसतं, हाच त्याचा फायदा.

उंची कुठे लावायची

गोलपासून सुरुवात करू. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. उंच गोलरक्षकाला वरचे कोपरे जवळ पडतात, हे उघड आहे. पण आपल्याकडे पळायला कंटाळणाऱ्या जाड मुलाला पॅड बांधायची रीत आहे, ती सोडून द्यावी. गोलरक्षकाचे पाय संघात सर्वांत जलद हलणारे असावे लागतात. पी. आर. श्रीजेश केरळच्या क्रीडाशाळेत गेले ते गोळाफेक करणारा मुलगा म्हणून, गोलमध्ये ते नंतर आले. उंची होतीच, पण नाव झालं ते पायांच्या हालचालीवर आणि डोकं शांत ठेवण्यावर. पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर भारत सामन्याचा मोठा भाग दहा जणांनी खेळला, १-१ अशी बरोबरी टिकवली आणि ग्रेट ब्रिटनला शूटआउटमध्ये ४-२ हरवलं. शूटआउटला हल्लेखोराजवळ आठ सेकंद असतात. एवढा वेळ समोर तोल सांभाळत उभं राहणं नुसत्या उंचीनं होत नाही. दोन मुलं सारखी चपळ असतील तर उंच मुलगा घ्या. चपळाईत फरक असेल तर चपळ मुलगा घ्या.

बचावात एक फुलबॅक उंच असावा. एरियल उतरवणं, मागून लांब पास देणं, डीच्या तोंडाशी स्टिकनं जागा झाकणं ही त्याची कामं. पण दोन्ही फुलबॅक उंच आणि संथ ठेवू नका. त्याच्या जोडीला वळायला जलद मुलगा हवा. डाव्या हाफच्या जागेचाही थोडा विचार करा. समोरचा राइट विंगर रेषेकडून येतो तेव्हा चेंडू आपल्या मुलाच्या डाव्या, म्हणजे रिव्हर्सच्या बाजूनं बाहेर जातो. तिथे लांब हात असलेला मुलगा एका हातानं रिव्हर्स टॅकल टाकून वाचवू शकतो. उजव्या हाफला तोच चेंडू फोरहँडवर मिळतो, तिथे लहान चणीचा मुलगा निर्धास्त चालतो.

पेनल्टी कॉर्नरच्या ड्रॅग फ्लिकला उंचीचा फायदा आहे, कारण चेंडू स्टिकवर जास्त अंतर ओढता येतो आणि वेग वाढतो. हरमनप्रीत सिंगने पॅरिसमध्ये दहा गोल केले, स्पर्धेत सर्वांत जास्त. पण हा वेग येतो लांब पाऊल, कंबरेचं वळण, धड आणि शेवटी मनगट अशा क्रमानं. हा क्रम न जमलेला उंच मुलगा चेंडू नुसता ढकलतो. या सगळ्याचा भार कंबरेच्या खालच्या भागावर येतो, म्हणून चौदाच्या आतल्या मुलांना रोज ढीगभर फ्लिक मारायला लावू नका. आठवड्यातून दोनदा, मोजके, नीट पाय टाकून. बाकी दिवस पुशर आणि स्टॉपर तयार करा. शालेय पातळीवर पेनल्टी कॉर्नर वाया जातात ते बहुतेक चेंडू नीट थांबत नाही म्हणून, आणि थांबवण्याच्या कामाला उंची लागत नाही. कॉर्नर वाचवताना पहिला धावणारा निवडतानाही तेच: वेग, धाडस आणि स्टिक खाली ठेवून सरळ रेषेत पळण्याची शिस्त. तोंडावर मास्क, हातात ग्लोव्ह आणि गुडघ्याला पॅड असल्याशिवाय कोणाही मुलाला धावायला पाठवू नका.

फॉरवर्डमध्ये एक दणकट मुलगा असेल तर त्याला डीमध्ये ठेवा. पाठीवर बचावपटू असताना पाय रोवून चेंडू घेणं, गोलच्या खांबाजवळ चेंडूला दिशा देणं हे काम त्याला जमतं. बाकी पुढची फळी आणि मधली फळी स्टिक आणि पायांवर निवडा. बेल्जियमचा आर्थर व्हॅन डोरेन बचावात खेळून २०१७ आणि २०१८ अशी सलग दोन वर्षं जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचं टॅकलिंग पाहा. धिप्पाड नसलेला बचावपटू आधी कुठे जाऊन उभा राहतो, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. तुमच्या सेंटर हाफला त्याचे सामने दाखवाच.

बदली खेळाडू हवे तेव्हा आतबाहेर करता येतात, याचा फायदा शालेय संघ फार कमी घेतात. हलक्या, वेगवान मुलांना पूर्ण क्वार्टर दमवण्यापेक्षा चार-पाच मिनिटं जीव तोडून पळवा, बाहेर घ्या, पुन्हा पाठवा. दमला नाही तर लहान मुलगा मोठ्यांत हरवत नाही.

स्टिकची लांबी हा विषय छोटा वाटतो, पण त्यावर निम्मा खेळ अवलंबून आहे. शाळेच्या कपाटात बहुधा साडेछत्तीस इंची स्टिक्सचाच गठ्ठा असतो. लहान मुलाला ती दिली की मूठ पोटात अडते आणि तो हात खाली सरकवून खेळायला शिकतो, ती सवय पुढे जात नाही. अशा मुलांसाठी चौतीस-पस्तीस इंची चार-सहा स्टिक्स जालंधरहून येणाऱ्या मालातच मागवा. मुलगा सरळ उभा राहिल्यावर स्टिकचं टोक साधारण कंबरेच्या हाडापाशी यावं. उलट, उंच मुलाला आखूड स्टिक दिली तर तो पाठीतून वाकतो आणि वर्षभरात कंबर धरून बसतो. त्याला गुडघे आणि नितंब वाकवून खाली बसायची सवय लावा. रोज दहा मिनिटं, पाठ सरळ, डोकं वर, चेंडू डावीकडून उजवीकडे. लहान मुलाला काम वेगळं: पुश-अप, दोरीच्या उड्या, स्वतःच्या वजनाचे स्क्वॉट, आणि दोन्ही बाजूंनी जोरात हिटचा सराव, म्हणजे मोठ्यांसमोर चेंडू सोडायची वेळ येणार नाही.

यादी जाहीर करायच्या आधी तिच्याकडे एकदा वेगळ्या नजरेनं पाहा. प्रत्येक नावापुढे त्याचं काम एका ओळीत लिहा: ‘एरियल उतरवतो’, ‘कॉर्नर थांबवतो’, ‘डावीकडून आत वळतो’. ज्याच्यापुढे ‘मोठा आहे’ याशिवाय काही लिहिता येत नाही, त्याचं नाव बाजूला ठेवा. लहान मुलाच्या नावापुढे ‘सफाई चांगली’ एवढंच लिहिलं असेल तर तेही पुरेसं नाही. ती सफाई सामन्यात कुठे वापरली जाणार, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आणि जे यादीत नाहीत त्यांना ‘अजून लहान आहेस’ असं म्हणून परत पाठवू नका. उंची त्यांच्या हातात नाही, त्यामुळे या वाक्यात त्यांना करण्यासारखं काहीच उरत नाही. त्यांना एक-दोन कामं नेमून द्या, रिव्हर्सवर ट्रॅपिंग किंवा डाव्या पायावरून पुश, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी पुन्हा चाचणी आहे, हे घरच्यांसमोर सांगा. तो शनिवार वहीत लिहून ठेवा आणि ती चाचणी घ्या.